जुनी पिकअप नवी करायची, पण मालही वाहायचाय? काय बदलावं, कशाला हात लावू नये आणि कायदा काय सांगतो

सोशल मीडियावर जुन्या गाड्यांचे 'आधी आणि नंतर' असे व्हिडिओ भरपूर फिरतात. पहिल्या दहा सेकंदांत गंजलेली पिकअप दिसते. पुढच्या दहा सेकंदांत चकचकीत रंग, रुंद टायर आणि एलईडीच्या पट्ट्या. लाइक्सही मिळतात. पण त्या व्हिडिओत एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. या गाडीत आता पूर्वीएवढा माल बसतो का?

नाशिकच्या अंबडमध्ये हा प्रश्न थेट पोटाशी जोडलेला आहे. एका बाजूला अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीतले कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे उद्योग. दुसऱ्या बाजूला पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, दिंडोरीची द्राक्षं. आणि मधून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग. या सगळ्याला जोडणारी गाडी म्हणजे पिकअप. नवी पिकअप घ्यायची तर हप्ते डोक्यावर येतात. त्यामुळे घरची जुनी गाडीच नीट करून आणखी काही वर्षं चालवावी, असा विचार अनेक जण करतात.

तो विचार चुकीचा नाही. पण खर्च कुठे करायचा याचा क्रम चुकला, तर गाडी फोटोत छान दिसते आणि कसारा घाटात धोका देते. शिवाय काही बदल थेट बेकायदा आहेत. म्हणून हा सगळा विषय एकदा मुळापासून समजून घेऊ.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

• कायद्याच्या भाषेत 'व्हिंटेज' ठरलेल्या गाडीतून व्यवसायासाठी माल वाहता येत नाही.
• पाटे वाढवले म्हणून गाडीची कायदेशीर क्षमता वाढत नाही. आरसी बुकवरचं वजन तेच राहतं.
• खर्चाचा क्रम असा ठेवावा: चॅसी, ब्रेक, स्टिअरिंग, टायर, वायरिंग, इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग.
• गाडीवर वाढवलेलं प्रत्येक किलो लोखंड मालातून वजा होतं.
• आरसीवरची माहिती बदलेल असा कोणताही बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नये.

'व्हिंटेज' नक्की कशाला म्हणायचं?

बोलताना आपण १९९०च्या मॅटॅडोरलाही व्हिंटेज म्हणतो. कायदा तसं मानत नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. त्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली, खासगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. गाडी मूळ रूपात असावी लागते. तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. अशा गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि फेरनोंदणीची ५ हजार रुपये ठरवण्यात आली.

खरी मेख पुढे आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं किंवा दुरुस्ती अशा कारणांसाठीच. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी ती चालवता येत नाही.

म्हणजे मालकासमोर दोन वेगळ्या वाटा आहेत. आजोबांची जुनी जीप पिकअप जशी होती तशी जपायची असेल, तर व्हिंटेज नोंदणी. तिच्यातून माल वाहायचा असेल, तर नेहमीची मालवाहू नोंदणी, दरवर्षी फिटनेस आणि विमा. दोन्ही एकाच गाडीत एकाच वेळी जमत नाही. या लेखात पुढे जे आहे ते दुसऱ्या वाटेबद्दल.

जुन्या गाड्या इतक्या वर्षांनीही दुरुस्त का होतात?

महाराष्ट्रात छोट्या मालगाडीला आजही सरसकट 'टेम्पो' म्हणतात. हा शब्द एका कंपनीच्या नावातून आला. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या तंत्रावर तीनचाकी गाड्या बनू लागल्या आणि गाडीच्या नावाचाच सामान्य शब्द झाला. पुढे याच कंपनीची मॅटॅडोर गावोगावी पोहोचली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं.

महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि जीपच्या सांगाड्यावर पुढे पिकअपही आल्या. टाटांची ४०७ ही १९८६ मध्ये आली आणि टाटामोबाइल पिकअप १९८८ मध्ये. नाशिकशी सगळ्यात जवळचं नातं महिंद्राचं. २००० मध्ये आलेली बोलेरो सातपूरच्या कारखान्यात बनू लागली आणि तिच्या नावाची पिकअप आज जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजार समितीत रांगेनं उभी दिसते.

या जुन्या पिकअपमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांचा पाया म्हणजे शिडीसारखी लोखंडी चॅसी. त्यावर केबिन वेगळी, हौदा वेगळा. कारमध्ये सगळं शरीर एकसंध असतं, इथे तसं नाही. हौदा उतरवून चॅसी उघडी करता येते आणि एकेक भाग बदलता येतो. इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नसतं. म्हणून लेथ आणि वेल्डिंगचं काम चांगलं जाणणारा कारागीर असेल, तर अशी गाडी अनेक वर्षं टिकते. अंबड आणि सातपूरमध्ये असे कारागीर कमी नाहीत.

आधी वजनाचा हिशेब मांडा

कामाला हात घालण्याआधी आरसी उघडून दोन आकडे बघावेत. एक, रिकाम्या गाडीचं वजन. दोन, मालासकट एकूण वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी कायद्यानं किती उचलू शकते ते.

एक उदाहरण घेऊ. समजा एकूण वजन २,६५० किलो आणि रिकामी गाडी १,५५० किलो. फरक १,१०० किलो. त्यातून चालक, मदतनीस आणि त्यांचं सामान यांचे १५० किलो वजा केले, की उरतात ९५० किलो. टोमॅटोचं एक क्रेट भरून २० किलो आणि रिकामं क्रेट दोन किलो धरलं, तर ४३ क्रेट बसतात.

आता याच गाडीला 'लूक' दिला. हौद्याचा ३ मिलिमीटरचा पत्रा काढून ५ मिलिमीटरचा टाकला. ३ मिलिमीटर पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास असतं, तर ५ मिलिमीटरचं ३९ किलोंच्या वर. अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद हौद्यात नुसत्या तळाचं वजन ६५ किलोंहून जास्त वाढतं. वर केबिनमागे जाड पाइपांची चौकट, मोठा बंपर, छतावर कॅरिअर. सगळं मिळून १५० किलो सहज होतात. उरले ८०० किलो, म्हणजे ३६ क्रेट. प्रत्येक फेरीत सात क्रेट कमी. हंगामभर रोज एक फेरी धरली, तरी हा हिशेब कुठे जातो ते लक्षात येईल.

म्हणून नियम सोपा आहे. गाडीवर काहीही बसवण्याआधी त्याचं वजन विचारावं. आणि काम पूर्ण झाल्यावर रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी.

पहिला खर्च चॅसीवर

हौदा उतरवला की चॅसी स्वच्छ करून तपासावी. गंज बहुतेक वेळा दिसत नाही तिथे असतो: पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ, आडव्या पट्ट्यांच्या सांध्यात, हौद्याच्या लाकडी ठोकळ्यांखाली. छोट्या हातोडीनं ठोकत गेलं, की निरोगी लोखंड खणखणतं आणि कुजलेलं बद्द वाजतं.

दुरुस्ती करताना तीन गोष्टी पाळाव्यात.

• चॅसीच्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेला भोक पाडू नये. माल भरल्यावर सगळ्यात जास्त ताण त्या कडांवर येतो. भोक पाडायचंच असेल, तर उभ्या भिंतीच्या मधोमध, जिथे ताण सगळ्यात कमी असतो.
• वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढून ठेवाव्यात.
• चॅसी नंबर जिथे ठोकलेला असतो, त्या जागेला ग्राइंडर, वेल्डिंग किंवा पुट्टी लावू नये. नंबर वाचता आला नाही, तर फिटनेस तपासणीत गाडी अडकते आणि चोरीच्या गाडीचा संशयही येतो.

चॅसी मधूनच कुजली असेल, तर पुढचा एक रुपयाही खर्च करू नये. त्याबद्दल शेवटी बोलू.

दुसरा खर्च ब्रेकवर: कसारा घाट का महत्त्वाचा?

अंबडहून मुंबईला माल न्यायचा तर इगतपुरीनंतर कसारा घाट उतरावा लागतो. उतार साधारण ३०० मीटरचा. अडीच टनांची भरलेली गाडी एवढी खाली येते, तेव्हा तयार होणारी ऊर्जा कागदावर मोजली, तर २० लिटरहून जास्त पाण्याला उकळी फुटेल एवढी भरते. तिचा काही भाग हवेत आणि टायरमध्ये जातो. उरलेली उष्णता एक तर इंजिन अडवतं, नाहीतर ब्रेकचे ड्रम सोसतात.

चालकानं गाडी वरच्या गिअरमध्ये सोडून फक्त ब्रेक दाबत उतरवली, तर ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि पायाखाली पेडल मऊ लागतं. ब्रेक ऑइल जुनं असेल, तर धोका आणखी वाढतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतं. ओलावा शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही.

त्यामुळे ब्रेकचं काम अर्धवट करू नये. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरचे रबर, सगळ्या लवचीक नळ्या, ड्रमची गोलाई आणि लायनर हे सगळं एकदम बघावं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावं. फार जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच ब्रेक लाइन असते. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. नंतरच्या गाड्यांत लाइन दोन भागांत विभागलेली असते. त्याच कंपनीच्या, त्याच कुटुंबातल्या नंतरच्या मॉडेलची दोन भागांची व्यवस्था बसत असेल, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा सल्ला आणि आरटीओचं मत घेऊन ती सगळ्यात मोलाची सुधारणा ठरते.

आणखी एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. डिझेल गाडीत ब्रेक बूस्टरसाठी लागणारी निर्वात पोकळी इंजिनातून आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि अनेक पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. बाजारातून स्वस्त अल्टरनेटर आणून बसवला आणि त्याला पंपच नसला, तर बॅटरी छान चार्ज होईल, पण ब्रेक दगडासारखा कडक लागेल.

पाटे आणि टायर: जास्त म्हणजे चांगलं असं नाही

'दोन पाटे वाढवून घ्या, गाडी बसणार नाही' हा सल्ला कोणत्याही गॅरेजमध्ये मिळतो. पाटे वाढले की गाडीचा मागचा भाग माल भरूनही उंच राहतो, हे खरं. पण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, चॅसी आणि टायर यांची ताकद तेवढीच असते. पूर्वी पाटे बसायचे आणि जास्त माल झाल्याची सूचना मिळायची. आता ती सूचनाच बंद होते. शिवाय रिकामी गाडी आदळते आणि द्राक्षांसारखा नाजूक माल खाली पोहोचेपर्यंत दबतो. जुने थकलेले पाटे बदलून कंपनीनं ठरवलेल्याच संख्येचे आणि जाडीचे नवे टाकावेत. बुश आणि शॅकलही सोबतच बदलावेत.

माल कुठे ठेवला जातो यालाही तेवढंच महत्त्व आहे. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.६ मीटर आहे आणि २०० किलोंचा डाय मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे, फाळक्याजवळ ठेवला. मागच्या ॲक्सलवर २०० नाही, जवळपास २७७ किलो भार येतो. वरचे ७७ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं होतं आणि पुढचे ब्रेक नीट पकडत नाहीत. म्हणून जड वस्तू केबिनच्या बाजूला, खाली आणि बांधून ठेवायची.

टायर घेताना रुंदीपेक्षा भाराचा आकडा बघावा. टायरच्या बाजूला छापलेला भारांक १०० असेल, तर तो टायर ८०० किलो पेलतो, १०४ असेल तर ९०० आणि १०८ असेल तर १,००० किलो. टायर कधी बनला तेही चार आकड्यांत लिहिलेलं असतं. २३२१ म्हणजे २०२१ मधला २३वा आठवडा. नायलॉन आणि रेडियल टायर एकाच ॲक्सलवर मिसळू नयेत. मूळ मापापेक्षा मोठा टायर घातला, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. याचा अर्थ चढावर ओढ कमी, क्लचवर ताण जास्त आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवणार.

वायरिंग: स्वस्तातली मोठी सुधारणा

जुन्या पिकअपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. दोन दिवे ६० वॉटचे धरले, तर १२ व्होल्टला १० ॲम्पिअर होतात. वीस-तीस वर्षांची वायर आणि घासलेला स्विच एवढा करंट नीट पोहोचवू शकत नाही. दिवा पिवळा पडतो. अनेक जण मग जास्त वॉटचा बल्ब घालतात. त्यानं वायर तापते, रिफ्लेक्टर जळतो आणि कधी कधी आगही लागते.

उपाय साधा आहे. हेडलाइटला रिले बसवायचा, बॅटरीपासून फ्यूज लावून नवी जाड वायर आणायची आणि अर्थिंगचे सगळे सांधे घासून घट्ट करायचे. मूळ वॉटचाच बल्ब लख्ख पेटतो. मागे ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि रिव्हर्स लाइट चालू हवेतच. मालवाहू गाडीला पुढे पांढरी आणि मागे लाल परावर्तक पट्टी लावणं बंधनकारक आहे. पहाटे तीनला मार्केटकडे निघालेली गाडी बंद पडली, तर मागून येणाऱ्या ट्रकला तीच पट्टी दिसते.

इंजिन: दुरुस्त करायचं, बदलायचं की इंधनच बदलायचं?

दुरुस्ती. जुनं डिझेल इंजिन धूर ओकतं किंवा ओढत नाही म्हणून लगेच इंजिन बदलायची गरज नसते. आधी कॉम्प्रेशन तपासावं, मग पंप आणि नोझल. डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनवणारा बॉशचा कारखाना सातपूरमध्येच आहे. जुने लोक त्याला आजही 'मायको' म्हणतात. पंप-नोझलचं काम मात्र चाचणी बेंच असलेल्या ठिकाणीच करावं. 'पंप वाढवून' जास्त डिझेल सोडलं, तर ओढ थोडी वाढते, पण धूर वाढतो, पीयूसीत गाडी नापास होते आणि पिस्टन जळायची वेळ येते. रेडिएटर, होज आणि थर्मोस्टॅट नीट असणं घाटासाठी तितकंच आवश्यक.

इंजिन बदल. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं आणि त्याच इंधनाचं इंजिन बसवायचं असेल, तर आधी आरटीओची मंजुरी घ्यावी आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा. इंजिन खरेदीचं बिल जपून ठेवावं. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार नाशिककरांना चांगला माहीत होता. जुना सुटा भाग तिथे मिळेल, असा अनेकांचा विश्वास. महापालिकेनं २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मोठी कारवाई करून तिथली अतिक्रमणं काढली. सुटा भाग कुठूनही घेतला तरी बिल नसलेलं इंजिन घेऊ नये. त्याचा नंबर दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या गुन्ह्यात निघाला, तर अडचण नव्या मालकाची होते.

दुसऱ्या कंपनीचं जास्त ताकदीचं इंजिन बसवण्याची हौस मालगाडीत महागात पडते. इंजिनाची ताकद वाढते, पण गिअरबॉक्स, क्रॉस, डिफरन्शियल आणि ब्रेक जुन्याच ताकदीचे राहतात. साखळीतला सगळ्यात कमजोर भाग आधी तुटतो.

सीएनजी. डिझेल इंजिन सीएनजीवर आणणं पेट्रोल गाडीइतकं सोपं नसतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो आणि दाबाचं प्रमाण वेगळं असतं. त्या मॉडेलसाठी मंजूर असलेलं किट आणि अधिकृत केंद्र असेल तरच विचार करावा. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. साधारण ६० लिटरचा पोलादी सिलिंडर ६० किलोंच्या आसपास भरतो. हे वजन पुन्हा मालातूनच जातं.

इलेक्ट्रिक. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवण्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं मंजूर केलेलं किटच चालतं आणि आरटीओची नोंद लागते. कारखान्यांमधल्या छोट्या, ठरलेल्या फेऱ्यांसाठी हा विचार करण्यासारखा आहे. पण बॅटरीचं वजन कितीही असलं, तरी आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही हे विसरू नये.

हौदा: दिसायला नाही, वापरायला

हौदा बांधताना चार प्रश्न विचारावेत. पाणी निघायला भोकं आहेत का? माल बांधायला कड्या चॅसीशी जोडलेल्या आहेत की नुसत्या पत्र्याला? फाळका एकट्या माणसाला उघडता येतो का? तळाची उंची कारखान्याच्या धक्क्याला आणि शेतातल्या चढउताराला जुळते का?

लोखंडी मालासाठी नक्षीदार पत्रा बरा, क्रेटसाठी त्यावर रबरी मॅट. हौदा मागे लांबवण्याचा मोह टाळावा. नियमानुसार मागच्या चाकांपलीकडे गाडीची लांबी दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. त्याच्या आतही लांबी बदलायची, तर आरटीओची मंजुरी लागतेच.

कायदा नेमका काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीनं ठरवलेली आणि आरसीवर नोंदलेली मूळ माहिती बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. गाडीची मूळ रचना बदलता येणार नाही. रंग बदलण्यासारखे किरकोळ बदल आरटीओच्या मंजुरीनं करता येतील.

• मंजुरी घेऊन बदल केला, की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.
• गाडीवर कर्ज असेल, तर आधी फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्यावी.
• परवानगी नसलेला फेरफार केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.
• समोर लावायचे लोखंडी बुलबार हा अनधिकृत फेरफार आहे, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं.
• जादा भार सापडला, तर कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडली जात नाही.

अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो. कंपनीला न कळवलेला फेरफार किंवा जादा भार असेल, तर नुकसानभरपाईचा दावा वादात अडकू शकतो. व्हिडिओतल्या चकचकीत गाडीची ही बाजू कुणी दाखवत नाही.

'१५ वर्षं झाली की गाडी भंगारात' हे खरं आहे का?

महाराष्ट्रातल्या खासगी मालकांसाठी, नाही. १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि परिसरासाठी आहेत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, तो नियमही खासगी गाड्यांना लागू नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तपासणीत गाडी पास झाली, तर ती चालवता येते.

मात्र जुन्या गाडीचा सरकारी खर्च वाढत जातो. गाडीच्या वयानुसार फिटनेसची फी वाढते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांना पर्यावरण कर लागतो. बीएस-४ च्या आधीच्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी करावी लागते. हिशेब मांडताना हे तिन्ही आकडे धरावेत.

कधी थांबावं?

जुन्या गाडीवर जीव असतो. वडिलांनी पहिला माल तिच्यातून नेलेला असतो, बहिणीच्या लग्नाचं सामान तिच्यातूनच गेलेलं असतं. तरीही काही वेळा थांबणंच शहाणपणाचं. चॅसी दोन-तीन ठिकाणी कुजली असेल, चॅसी नंबर वाचता येत नसेल, कागदपत्रांतली साखळी तुटलेली असेल किंवा ब्रेकचे मूळ भाग मिळतच नसतील, तर ती गाडी मालवाहतुकीतून काढावी.

अशा गाडीसाठी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राची वाट आहे. तिथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि जुना नंबर अधिकृतपणे रद्द होतो. तसंच कुणाला तरी भंगारात विकली आणि नोंदणी चालूच राहिली, तर त्या नंबरची जबाबदारी कागदावर जुन्या मालकाकडेच राहते.

काम सुरू करण्याआधीची यादी

१. आरसी, विमा, फिटनेस आणि कराच्या पावत्या एकत्र करा. नाव, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीशी जुळवा.
२. रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन आजचं खरं वजन बघा.
३. हौदा उतरवून चॅसी तपासा. निर्णय इथेच घ्या.
४. ब्रेक, स्टिअरिंग आणि बेअरिंगचं काम पूर्ण करा.
५. पाटे, टायर आणि वायरिंग करा.
६. इंजिनाचं काम, आणि गरज असेल तर आरटीओची आधी मंजुरी.
७. हौदा बांधा, रंग द्या, परावर्तक पट्ट्या लावा.
८. पुन्हा वजन करा. आधीच्या आकड्याशी तुलना करा.
९. फिटनेस तपासणी करून मगच माल भरा. पहिली फेरी अर्ध्या भारानं, सपाट रस्त्यावर.

नववा मुद्दा घाईत हमखास गळतो. नवे लायनर ड्रमला बसायला वेळ लागतो, नवे पाटे थोडे बसतात, नट सैल होतात. चार-पाच दिवस जवळच्या फेऱ्या करून सगळे नट पुन्हा आवळायचे. अंबड ते सिन्नर, अंबड ते पिंपळगाव अशा फेऱ्यांत गाडीनं विश्वास दिला, की मग कसारा घाट.